तुम्ही विचारलंत म्हणून: जुना छोटा ट्रॅक्टर घेताना काय बघावं?

चतुर्थीला मुंबई-पुण्याहून घरी आलेला एक तरी पाहुणा आमच्या अंगणातल्या छोट्या ट्रॅक्टरपाशी थांबतो, चाकावर हात ठेवतो आणि विचारतो, “आमचंही दहा हजार मीटर पडून आहे. असला एखादा जुना मिळेल का? कुठला घ्यावा?” गेल्या महिन्यात हाच प्रश्न आमच्या गोव्यातल्या पेडण्यातल्याच एका जोडप्याने विचारला. नोकरी सोडून दोघं वडिलोपार्जित घरी परतली आहेत. ५२० तास चाललेला, एकाच मालकाचा, चकचकीत ट्रॅक्टर त्यांना कुणीतरी दाखवलाय. ‘एवढे कमी तास पुन्हा मिळायचे नाहीत’ असंही सांगितलंय. तेव्हा घाईत जे बोलले ते अर्धवट राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आमच्याकडे जमीन एकरात कुणी सांगत नाही, मीटरात सांगतात. दहा हजार मीटर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, एक हेक्टर, जवळजवळ अडीच एकर. ती सगळी ट्रॅक्टरची नसते. माझंच बघा. एकूण सात हजार मीटर. त्यातली चार हजार भातशेती, तिचा खालचा तुकडा खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीला लागून. वर माड, घरामागे थोडं कुळागर, म्हणजे पोफळीची मिश्र बाग, आणि उरलेला काजूचा उतार.

या चार हजारांचा हिशोब मी एकदा वहीत मांडला होता. एक मीटर रुंदीचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालवला, तर कागदावर तासाला अडीच हजार मीटर होतात. वळणं, बांध, कोपरे आणि मध्येच अडकणारं गवत धरलं की दीड हजार झाले तरी पुष्कळ. म्हणजे एका फेरीला पावणेतीन तास. सुकी नांगरट दोनदा, चिखलणी दोनदा असे सरदीच्या म्हणजे पावसाळी भाताला अकरा तास, वायंगणाला म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाला पुन्हा तेवढेच. शेणखत, नारळ, चिरे वाहायची ट्रॉली आणि शेजारच्या दोन वाफ्यांची चिखलणी धरून वर्षाला साठ-सत्तर तास होतात. पुढे दोन हजार तास नीट चालेल असं यंत्र घेतलं, तर माझ्या कामाला ते तीस वर्षं पुरेल.

तीस वर्षं ते यंत्र चालून झिजणार नाही. ते उभं राहून गंजणार आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाऱ्या वाऱ्याची हवा, खाजनातला मिठाचा चिखल आणि वर्षातले तीनशे दिवस गोठ्याशेजारी उभं राहणं, असं गोव्यातल्या छोट्या ट्रॅक्टरचं आयुष्य असतं. म्हणून जो विचारेल त्याला मी एकच सांगते: तासांचा काटा शेवटी बघा, आधी गंज बघा आणि ट्रॅक्टर कुठे राबला ते विचारा.

हे मला शिकवलं ते माझ्या पहिल्या ट्रॅक्टरने. साडेचारशे तास, नवा रंग, नवी सीट. मालकाची शेती खाडीकाठची आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. जूनमध्ये दुसऱ्याच दिवशी चिखलात पुढच्या चाकातून कर्र कर्र आवाज यायला लागला. बांद्याहून आमचे मेकॅनिक आले, त्यांनी पुढच्या ॲक्सलचा तळाचा बोल्ट सैल केला आणि वाटी खाली धरली. ऑइल यायला हवं तिथून दुधाच्या चहासारखं पातळ, फिकट काहीतरी आलं आणि त्यामागून वाळूचे कण. पाणी आत जाऊ न देणारी सील कधीच गेली होती, मालकाने वर्ष-दोन वर्षं तसाच हाकला होता. मग त्यांनी मागच्या मडगार्डच्या आत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून हलकेच खरवडलं. लाल-काळ्या खपल्या माझ्या तळहातावर पडल्या, सुकलेल्या झाडाच्या सालीसारख्या. वरचा रंग नवा होता, खाली पत्रा उरला नव्हता. “वहिनी, हे बघायला पैसे पडत नाहीत,” ते म्हणाले. त्या वर्षी लावणी पंधरा दिवस लांबली आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, पिवळा पडला. ते मला अजून लागतं.

दुसरा घेतला तो घाटावरून, तासगावकडच्या एका द्राक्षबागेतून. काट्यावर एकोणीसशे तास. घरच्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण तो कोरड्या हवेत वाढलेला होता. बोल्ट पान्याने हात लावताच फिरत होते, वायरिंगची टोकं तांबूस होती, हिरवी पडलेली नव्हती. द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरची दुखणी वेगळी. मागे फवारणीचा ब्लोअर लावून तो हंगामभर फिरतो, म्हणजे खरी झीज पीटीओची, मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याची, आणि क्लचची. शिवाय मोरचुदाच्या फवाऱ्याने मागचा भाग, अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या दांड्या, दिव्यांच्या तारा खाल्ल्या जातात. आम्ही तेवढंच निरखून बघितलं, पीटीओची सील आणि क्लचप्लेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागितला आणि मिळाला. उसाच्या भरणीला वापरलेला असेल तर गिअर आणि पुढच्या चाकांचे खुंट बघा. वीटभट्टीवर किंवा वाळूच्या ट्रॉलीला जुंपलेला असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. जुन्या यंत्राने आधी कुठलं काम केलं हे कळलं की त्याचं काय गेलं असेल ते निम्मं कळतं.

बघायला जाल तेव्हा आधी सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिला हात इंजिनाला लावा. गरम लागलं तर मी सरळ चहा घेते, गप्पा मारते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते म्हणते. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का आणि धूर कसा येतो, यात बरंच कळतं. सुरुवातीचा पांढरट धूर दोन मिनिटांत गेला तर काळजी नाही. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून भकाभक वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग कितीही गोड बोलणं झालं तरी निघा.

हायड्रॉलिकची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला काही ज्ञान लागत नाही. रोटाव्हेटर लावून पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि बसा. द्राक्षबागेतल्या त्या ट्रॅक्टरपाशी आम्ही असेच मांडवाच्या सावलीत बसलो होतो. काकूंनी चहा आणला, शेंगदाण्याचे लाडू आणले, बेदाण्याच्या भावावर बोलणं झालं. तेवढ्या वेळात तो बोटभर खाली आला. तेवढं चालतं. पहिल्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर माझा कप रिकामा व्हायच्या आत जमिनीला टेकला असता, पण तेव्हा मी तो उचलूनच बघितला नव्हता.

चाकांकडे लोक फक्त नक्षी किती उरली म्हणून बघतात. रिमच्या व्हॉल्व्हभोवती बघा. वजनासाठी टायरात पाणी भरलेलं असेल तर रिम आतून कुजते आणि पहिली खूण तिथेच फुटते. चारचाकी जोराचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा ट्रॅक्टर असेल तर पुढचे-मागचे टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे आहेत ना, हे पुस्तिकेवरून ताडून बघा. पुढच्या-मागच्या चाकांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. स्वस्तात मिळाला म्हणून भलत्या मापाचा टायर घातलेला असेल तर पुढचे गिअर ताणून ताणून तुटतात. डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून चालवणाऱ्याचंही तेच होतं.

आता ‘कुठला’. मला कुठल्याच कंपनीची वकिली करायची नाही. महिंद्राचा युवराज किंवा स्वराज ७१७ हे पंधरा अश्वशक्तीच्या घरातले, एका सिलिंडरचे. साधे, दुरुस्तीला सोपे. कोरड्या मशागतीला आणि ट्रॉलीला ठीक. व्हीएसटी शक्ती, महिंद्रा जिवो, कुबोटाचा निओस्टार हे त्याहून वरचे, बहुतेक अठरा ते सत्तावीस अश्वशक्तीचे. त्यांत चारचाकी जोराचे मिळतात आणि आमच्या चिखलाला तोच हवा. जास्त अश्वशक्तीच्या मोहात वजन वाढवू नका. खाजनाच्या मऊ वाफ्यात जड यंत्र रुततं आणि मग ते काढायला दुसरं आणावं लागतं. नाव ठरवायच्या आधी दोन गोष्टी करा. टेप घेऊन गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, सगळ्यात अरुंद वाट मोजा. आमची चार फूट दोन इंच भरली आणि निम्मी यादी तिथेच गळाली. दुसरं म्हणजे म्हापसा, फोंडा, सावंतवाडी, बेळगाव इथे फोन करून त्या मॉडेलची पुढच्या ॲक्सलची सील आजच्या आज मिळते का विचारा. “मागवून देतो” हे उत्तर जूनमध्ये काही कामाचं नाही.

कुळागरासाठी ट्रॅक्टर हवा असं कुणी म्हटलं की मी कळकळीने नको म्हणते. पोफळीची लागवड दोन रोपांत २.७ मीटर अंतर ठेवून करतात, म्हणजे कागदावर ट्रॅक्टर आरामात जाईल. पण मध्ये केळ, जायफळ, मिरीचे वेल, पाण्याचे पाट असतात आणि पोफळीची मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. रोटाव्हेटरने ती कापली की झाड वर्षा-दोन वर्षांनी त्याचं उत्तर देतं. काजूच्या उतारावर तर अजिबात नको. छोटा ट्रॅक्टर अरुंद असतो, आडव्या उतारावर तो बघता बघता कलंडतो. चालकाच्या मागची लोखंडी कमान आणि पट्टा असल्याशिवाय कुठलाच घेऊ नका. आमच्या ट्रॅक्टरवरची कमान द्राक्षाच्या मांडवाच्या तारांना अडते म्हणून आधीच्या मालकाने काढून शेडमध्ये टाकलेली होती. मी ती मागून घेतली, घरी येताच बसवली आणि मगच मुलाला ट्रॅक्टरवर बसू दिलं. उतारावरचं गवत पाठीवरच्या मशीनने कापा.

भातशेती दोन-तीन हजार मीटरच असेल, तर विकत घेऊच नका. तासावर ट्रॅक्टर बोलवा किंवा दोन-तीन घरांनी मिळून पॉवर टिलर घ्या. नवं यंत्र घ्यायची ऐपत असेल तर कृषी कार्ड घेऊन आधी विभागीय कृषी कार्यालयात जा, अनुदान नव्यावर मिळतं. आणि जुना घेताना, तो अनुदानातला आहे का हेही विचारा, कारण असं यंत्र ठरावीक काळ विकायचं नसतं.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून आणणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्यानेच काढून द्यायला हवी. चासीवर ठोकलेला नंबर चिखल पुसून स्वतः वाचा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती बहुतेक जण विसरतात. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला किमतीच्या पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा. खरेदीला जानेवारी-फेब्रुवारीत निघा. मेमध्ये सगळेच शोधत असतात.

घरी आणल्यावरचं माझं काम ठरलेलं आहे. खाजनात उतरला की त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने चाकांच्या आतल्या बाजूपर्यंत धुते, उद्यावर टाकत नाही. मग ग्रीस, जुनं मातकट बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. टाकी भरलेली ठेवते, अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवेचं पाणी जमतं. आणि लावणीनंतर उभा करताना क्लचचा पायडल दाबून खाली लाकडाची पाचर मारते. तसं केलं नाही तर दमट हवेत क्लचप्लेट गंजून चिकटून बसते आणि वायंगणाच्या वेळी गिअरच पडत नाही.

तर आता त्या जोडप्यासाठी, तुमच्या त्या ५२० तासांच्या ट्रॅक्टरबद्दल. किनाऱ्यालगतच्या गावातला आहे म्हणालात, म्हणून मला धास्ती वाटते, पण न बघता नको म्हणणार नाही. मालक तो खाजनात उतरवत होता का, धुवायला पाणी कुठलं होतं, पावसाळ्यात तो कुठे उभा असायचा, हे विचारून ठेवा. रविवारी सकाळी मी मोकळी आहे. पाना, टॉर्च आणि एक वाटी घेऊन येते. पुढच्या ॲक्सलचा बोल्ट सैल करायला मालकाने हरकत घेतली नाही, तर पुढचं बोलू.