पाणबुडीत ‘डे’ कसला?

सध्या मी लिहितेय त्या पटकथेत चार माणसं एका संशोधन पाणबुडीत अडकली आहेत. समुद्रात दोनशे मीटरच्या खाली सूर्यप्रकाश जवळजवळ संपतो आणि हजार मीटरच्या पुढे तो पोचतच नाही. माझी पाणबुडी त्याहून खोल आहे. मग सीन हेडिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक सीनच्या डोक्यावर जागा आणि वेळ सांगणाऱ्या ओळीत, शेवटी आपण जे ‘डे’ किंवा ‘नाइट’ लिहितो, त्याचं इथे काय करायचं? अनोख्या जागांच्या गोष्टी लिहिणारे बरेच जण इथे अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हेडिंग प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ते युनिटसाठी असतं. ए.डी. (सहायक दिग्दर्शक) ब्रेकडाउन करतो, म्हणजे शूटिंगसाठी पटकथेची सीनवार फोड करतो, तेव्हा त्याच ओळीवरून सीनच्या रंगीत पट्ट्या पाडतो. ‘इंट.’ म्हणजे आतला सीन, ‘एक्स्ट.’ म्हणजे बाहेरचा; रूढ पद्धतीत इंट.-डे पांढरी, एक्स्ट.-डे पिवळी, इंट.-नाइट निळी आणि एक्स्ट.-नाइट हिरवी. म्हणजे ‘डे-नाइट’ हा मुळात प्रकाशाचा प्रश्न आहे, घड्याळाचा नंतर. हे एकदा लक्षात आलं की पाणबुडी सोपी होते. मी असं लिहिते:

इंट. पाणबुडी, नियंत्रण कक्ष – सगळे दिवे चालू

इंट. पाणबुडी, नियंत्रण कक्ष – आणीबाणीचे तांबडे दिवे

इंट. पाणबुडी, नियंत्रण कक्ष – अंधार, एकच टॉर्च

आता तांबड्या दिव्यांचे सगळे सीन एका लायटिंगमध्ये सलग उरकता येतात, ते पटकथेत कितीही विखुरलेले असोत. शिवाय नुसती हेडिंगं वाचत गेलं तरी बॅटरी संपत चालल्याचं कळतं. अडकून किती तास झाले हे मात्र मी हेडिंगमध्ये घालत नाही. प्रेक्षकाला ते कळायला हवं असेल तर पडद्यावर अक्षरं यावी लागतील, किंवा कोणीतरी ऑक्सिजनच्या मीटरकडे बघावं लागेल. दोन्ही गोष्टींची जागा खाली, वर्णनात. ‘मंगळ, सन 2140’ असं हेडिंगमध्ये लिहून निश्चिंत झालेल्या पटकथा मी वाचल्या आहेत. पडद्यावर ते साल कुठेच उमटणार नसतं.

अंतराळाचंही असंच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक साधारण 90 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, त्यामुळे तिथे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. तिथली माणसं ग्रिनिचच्या वेळेवर झोपतात-उठतात. अशा ठिकाणी नुसतं ‘डे’ लिहिलं तर खिडकीतून ऊन येतंय की माणसांची कामाची वेळ आहे, हे कळत नाही. सीनला खिडकी असेल तर ‘खिडकीत ऊन’ लिहा, नसेल तर ‘झोपेची पाळी, दिवे मंद’. मंगळावर उलट सगळं सोपं. तिथला दिवस 24 तास 39 मिनिटांचा, आपल्याच मापाचा. डे-नाइट बिनधास्त लिहा. फक्त तिथला सूर्यास्त निळसर असतो, तेव्हा संध्याकाळचा सीन असेल तर वर्णनाच्या पहिल्या ओळीत रंग सांगून टाका, नाहीतर सगळे केशरी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणतील.

खरी गंमत इंट.-एक्स्ट.मध्ये आहे. काचेच्या घुमटाखाली शहर आहे. त्याच्या रस्त्यावरचा सीन आतला की बाहेरचा? मी एक्स्ट. लिहीन. तिथल्या माणसांना तो रस्ता ‘बाहेर’च वाटतो आणि उजेड वरून येतो. घुमटापलीकडच्या जागेला मग ‘एक्स्ट. घुमटाबाहेर’ असं स्पष्ट नाव द्यायचं. दुसरा कोणी इंट. लिहील, तेही चालेल. पण पहिल्या हेडिंगखाली एका ओळीत ते ठरवून टाकायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं. शूटिंग स्टुडिओत होणार आहे म्हणून एक्स्ट.चं इंट. मात्र करू नका. हेडिंग गोष्टीतल्या जगाचं असतं. सेट कुठे लावायचा हे युनिट ठरवेल.

मध्यंतरी एका नवख्या मुलाची पटकथा वाचायला आली. त्यात हेडिंग होतं, ‘इंट. त्याचं मन – अनंत’. खाली वर्णन सुंदर होतं: कोरड्या विहिरीच्या तळाशी शाळेतले बाक मांडलेत आणि वरून ऊन पडतंय. मी त्याला म्हटलं, “अरे, जागा तर तू स्वतःच लिहिली आहेस की!” आम्ही ते असं केलं:

एक्स्ट. कोरडी विहीर, तळ – दुपारचं ऊन (मनातलं)

मन बांधता येत नाही. विहीर बांधता येते, बाक आणता येतात. कला दिग्दर्शकाला यातून काम कळतं आणि वाचणाऱ्याला चित्रही आधी दिसतं. वर आभाळ उघडं आहे म्हणून एक्स्ट.

स्वप्नाचं थोडं वेगळं. ते स्वप्न आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळायला हवं असेल तर कंसात लिहा. तो धक्का नंतर द्यायचा असेल तर वाचनाच्या प्रतीत लिहू नका, शूटिंगच्या प्रतीत जरूर लिहा. आणि स्वप्नातलं घर जागेपणीच्या घरापेक्षा वेगळं दिसणार असेल तर त्याला वेगळं नाव हवंच, ‘आजीचं घर (बुडालेलं)’ असं. नावांच्या बाबतीत मी फार हट्टी आहे. एकदा ‘प्रयोगशाळा’ आणि पुढे ‘लॅब’ लिहिलं की पटकथेच्या सॉफ्टवेअरमधल्या जागांच्या यादीत दोन जागा होतात.

धावत्या गाडीत कॅमेरा आतबाहेर करणार असेल तर ‘इंट./एक्स्ट.’ एकत्र लिहा, सुटलं.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी थोडं. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून हेडिंग ठळक करा आणि वर-खाली एकेक ओळ मोकळी सोडा. फाउंटन (साध्या मजकुरात खुणा वापरून पटकथा लिहिण्याची पद्धत) वापरत असाल तर ओळीच्या सुरुवातीला रोमन लिपीतलं इंट किंवा एक्स्ट दिसलं की ती ओळ आपोआप हेडिंग होते. देवनागरीतलं ‘इंट.’ त्या नियमात बसत नाही. त्यासाठी ओळीच्या अगदी सुरुवातीला एक टिंब द्या, मग पुढे कोणतंही अक्षर असलं तरी ती ओळ हेडिंग म्हणून धरली जाते. ‘.इंट. पाणबुडी’ असं. छापताना ते पहिलं टिंब दिसत नाही.