आप्पांच्या हाताचा दाखला

गेल्या रविवारी बहिणीचा मुलगा घरी आला होता. बारावी कॉमर्स झालाय, मार्क बरे आहेत. जेवण झाल्यावर म्हणाला, "मावशी, मी कॉलेजला जाणार नाही. तीन वर्षं घालवून लोक दहा-बारा हजारांवर लागायलेत. त्यापेक्षा आत्ताच कामाला लागतो. आजोबांकडं कुठं डिग्री होती? तरी सोलापूरच्या अख्ख्या पूर्व भागात त्यांना ओळखतात की."

आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथंच खुर्चीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत राहिले. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आठवडाभर डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

आप्पा १९७२ च्या दुष्काळात अक्कलकोट तालुक्यातून सोलापूरला आले. वय चौदा, शिक्षण सातवी. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि काम मिळालं ते यंत्रमागावर, तेलुगू बोलणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली. पहिली दोन वर्षं फक्त कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या, भरल्या आणि मागाखालचा कापसाचा भुगा झाडला. उस्ताद समजावून वगैरे सांगत नसत. शेडच्या मधोमध उभं करायचे आणि विचारायचे, कोणता माग आजारी आहे? पंचवीस माग एकाच वेळी खडखडत असताना त्यातला एक वेगळा ऐकायचा. आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा पेटीत उशिरा पोचला की आवाज किंचित बसका येतो, म्हणजे धोटा फेकणारा पिकिंगचा पट्टा सैल झालाय. हे ओळखायला आप्पांना वर्ष लागलं. पुढं ते जॉबर, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे, झाले. माग बंद पडला की रात्री दोनला सुद्धा माणूस दारात यायचा. आप्पा बनियनवरच पाना घेऊन निघायचे.

मी २००३ ला बी.कॉम. झाले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला लागले. पहिल्याच वर्षीची गोष्ट. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल, ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम. हिशेब सोपा आहे. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, गुणिले ४५०, म्हणजे एक टॉवेल साधारण ५०६ ग्रॅमचा भरायला हवा. काट्यावर ४७० भरत होता. मी सुताच्या पावत्या काढल्या, काउंट म्हणजे सुताची जाडी तपासली, सूतवाल्याला फोन करून कडक बोलले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी घरी नमुना आणला होता, तो आप्पांनी सहज हातात घेतला, अंगठ्यानं लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, उलटे फिरवले आणि म्हणाले, "सूत बरोबर हाय. पाइलच्या भीमाला वजन जास्त लावलंय."

टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन भीम म्हणजे मोठे रूळ असतात. एक जमिनीचा, म्हणजे खालच्या कापडाचा, तो घट्ट ताणलेला. दुसरा पाइलचा, म्हणजे वरच्या लुपांचा, तो सैल सोडायचा. दोन आडवे धागे विणलेल्या कापडापासून थोडे लांब ठेवायचे, आणि तिसऱ्या धाग्याला फणीनं तिन्ही एकदम पुढं ठोकायचे. ठोकताना पाइलचा सैल ताणा वर उचलला जातो आणि लूप तयार होतो. पाइलचा भीम आवळला की लूप मागं खेचला जातो, आखूड पडतो, आणि टॉवेलचं बरंचसं वजन त्या लुपातच असतं. दुसऱ्या दिवशी भीमावरचं एक वजन उतरवलं. टॉवेल ५०४ भरला. सूतवाल्याची मी माफी मागितली.

इथपर्यंत वाचून भाचा म्हणेल, बघ, मी तेच सांगायलोय. पण पुढची गोष्ट त्यानं कधी ऐकलेली नाही, कारण आप्पा ती सांगत नाहीत.

२००९ मध्ये एका नव्या कारखान्यात रेपियर माग, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे माग, आले. आप्पांना तिथं जायचं होतं. वय ५१, यंत्रमागावर ३६ वर्षं काढलेली. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, डिप्लोमा? नाही. आयटीआय? नाही. मग अनुभवाचं पत्र? तेही नाही. ३६ वर्षांत त्यांनी सहा मालकांकडं काम केलं होतं, आणि एकाकडूनही नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर नाही. आठवड्याचा पगार हातात, हिशेब मालकाच्या वहीत. त्या वह्या आता कुठं असतील कोण जाणे. त्यांना हेल्पर म्हणून घेतलं. फिटर म्हणून टेक्सटाईलचा डिप्लोमा केलेला बावीस वर्षांचा मुलगा लागला, दुप्पट पगारावर. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. "भूक नाही," एवढंच म्हणाले. आईनं भाकरी झाकून ठेवली, ती सकाळपर्यंत तशीच होती.

त्या मुलाबद्दल मला वाईट लिहायचं नाही. नवा माग थांबला की पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं, पुस्तकही इंग्रजीत. आप्पा त्या पडद्यापुढं उभे राहून काही करू शकत नव्हते. मुलगा वाचून सांगायचा, आप्पा हात लावून बघायचे. दोन वर्षं दोघांनी मिळून तो विभाग चालवला. त्या मुलाच्या लग्नात आप्पांना पहिल्या पंगतीत बसवलं होतं. तो चांगला शिकलेला होता आणि त्याचं शिकणं कामाला येत होतं. प्रश्न फक्त एवढाच की त्याची तीन वर्षं एका कागदावर उमटली होती आणि आप्पांची ३६ कशावरच उमटली नव्हती.

माझ्या आईचं बघा. ती विड्या वळायची, दिवसाला हजार. पान, तंबाखू, दोरा, आणि संध्याकाळी कारखान्यात जाऊन मोजून देणं, त्यातल्या काही बाद व्हायच्या, त्यावरून रोज वाद. शिक्षण चौथी. पण आईकडं विडी कामगाराचं ओळखपत्र होतं. त्या पत्रावर विडी कामगारांच्या मुलांची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, आणि त्यावरच माझी कॉलेजची पुस्तकं आली. आईचं काम आप्पांच्या कामापेक्षा कमी पैशाचं, कमी मानाचं समजलं जायचं. तरी तिच्या कामाची कुठंतरी नोंद होती. माझी डिग्री त्या नोंदीतून आली आहे, हे मी विसरू शकत नाही.

डिग्रीनं मला काय दिलं? मागाची जाण दिली नाही, हे वर सांगितलंच. पण लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे माल पाठवल्याचे कागद बघून पैसे द्यायची बँकेची हमी, कागदांतला एखादा शब्द जुळला नाही तरी बँक पैसे अडवून धरू शकते, हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असले की फंड कापायलाच लागतो, हे मी वाचलेलं होतं, म्हणून विचारू शकले. आप्पांना ३६ वर्षांत कुणी ते सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. कामात जगातला सगळ्यात हुशार माणूस त्या ऑफिसच्या टेबलापुढं हात जोडून उभा राहत होता. त्याचा राग मला अजून येतो.

आता कामगार भरतीचं काम माझ्याकडं आहे. गेली काही वर्षं मी एक गोष्ट हट्टानं करते. कुणीही काम सोडून निघाला की त्याला पत्र देते, आणि त्यात "वर्तणूक चांगली" एवढंच लिहीत नाही. किती माग सांभाळायचा, जकार्ड, म्हणजे नक्षी विणायची यंत्रणा, बांधता येतो का, टॉवेलचा माग एकट्यानं लावतो का, नवीन पोरांना शिकवलंय का, सगळं लिहिते. मालक आधी म्हणाले, एवढं लिहून दिलं तर माणसं दुसरीकडं जातील. जातात काही. जाऊ देत.

सरकारी वाटाही आहेत, लोकांना माहीत नसतात. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळतं. आमच्याकडच्या काही जणांनी ते घेतलं. एका विणकरानं मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, बारावी नसताना, आणि मग बी.ए.ला प्रवेश घेतला. रात्रपाळी करून रविवारी अभ्यास केंद्रावर जायचा. डोळे लाल असायचे त्याचे सोमवारी.

भाच्याला मी फोन केला. म्हटलं, कामाला लागायचं तर लाग, पण विजापूर रोडच्या आयटीआयत चौकशी कर, शिकाऊ उमेदवार म्हणून लाग, म्हणजे काम आणि कागद दोन्ही हातात येतील. नाहीतर बी.कॉम.ला नाव घाल आणि दुपारी आमच्याकडं ये, मी पॅकिंगपासून सुरू करायला लावीन. तुझ्या आजोबांसारखं व्हायचंय तर आधी त्यांचं काय राहून गेलं ते त्यांच्याकडून ऐक.

काल संध्याकाळी तो आला, वही घेऊन. मी आप्पांना म्हटलं, तुम्ही चालवलेले, दुरुस्त केलेले सगळे माग सांगा, हा लिहून घेईल. आधी "कशाला गं" म्हणाले. मग सुरू झाले. चादरीचा माग, जकार्डचे हुक, टॉवेलचे दोन भीम, कुठल्या मालकाकडं कोणता माग रुसायचा, कोणत्या शेडमध्ये पावसाळ्यात ताणा तुटायचा. मध्येच उठून दोन्ही हात पुढं करून फणीची ठोक दाखवायला लागले. चार पानं भरली. भाच्यानं वर मथळा टाकला, आप्पांचं नाव, आणि खाली "जॉबर, ३६ वर्षं".

आप्पांनी वही हातात घेतली, चष्मा लावून बराच वेळ वाचली. मग पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "इथं वरती थोडी जागा कर. माझ्या आधी उस्तादाचं नाव लिही."