चिंचोक्याची खळ आणि शेवटपर्यंत टिकलेला ताणा

टिकला एकदाचा! देशी कापसाचा, हातानं कातलेला, एकपदरी ताणा (कापडाचे लांबीतले उभे धागे) बीमवरून, म्हणजे तो गुंडाळलेल्या रुळावरून, पूर्ण उतरला. पंचा धुऊन दोरीवर वाळतोय. 'ताण्याला गिरणीचं दोनपदरी सूत घे आणि हातसूत बाण्याला (आडव्या धाग्याला) टाक' असं सांगणाऱ्यांत तुमच्यातले बरेच जण होते. सल्ला चुकीचा नाहीच. ताण्यावर सतत ओढ असते, वहीच्या (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि धागे अंतरावर ठेवणाऱ्या फणीच्या दातांतून एकेक धागा शेकडो वेळा घासून जातो. बाण्याला काय, धोट्यातून (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातून) निघाला, फणीचा ठोक बसला, काम संपलं. पण नुसत्या बाण्यात हातसूत असलेलं कापड मला अर्धंच आपलं वाटतं. हट्ट म्हणा हवं तर.

मांडणी मागच्या वेळचीच आहे. सूत 20 नंबरच्या आसपास (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक), फणी 36 ची, म्हणजे दोन इंचांत 36 दात, दाताला दोन धागे, म्हणजे इंचाला 36. कापूस परभणीच्या मेहबूब बाग संशोधन केंद्रातून आलेल्या पीए मालिकेतल्या वाणाचा, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलेला. देशी म्हटलं की आखूड धागा असं आपण धरूनच चालतो. पीए 255 सारख्या वाणांना ते लागू होत नाही, हे कातताना बोटांना कळतं.

तर दुखणं. थंडीत मैद्याच्या खळीवर (लव बसावी म्हणून ताण्याला लावायच्या पेजेवर) काम बरं चाललं होतं. एप्रिलात पारा चाळिशीपार गेला आणि ताणा तुटायला लागला. नुसता कोरडा पडून तुटला असता तर समजलं असतं. मी फणीमागं डोळा लावून बसले तेव्हा खरा प्रकार दिसला. फणीच्या मागं बोटभर अंतरावर शेजारच्या दोन धाग्यांची लव एकमेकींत गुंतते आणि तिची मोहरीएवढी गोळी होते. पावडी (वह्या हलवणारी पायाखालची पट्टी) दाबली की एक धागा वर निघतो, दुसरा खाली, गोळी दोघांना सोडत नाही. जो जिथं पातळ असेल तो तिथं तुटतो. मागाखाली पांढरी पूड साचलेली असायची. ती मैद्याचीच. सुकून कडक झालेली खळ फणीच्या घासण्यानं झडत होती आणि खालची लव मोकळी सुटत होती.

कूलर ताण्याच्या खालून सोडून बघितला. कापूस ओलसर असला की वाळल्यापेक्षा बळकट असतो. जुने कोष्टी जमिनीतल्या खड्ड्याच्या मागावर बसत, त्यातही ताण्याला जमिनीलगतचा गारवा मिळायचा हा फायदा होताच. कूलरनं पूड कमी झाली, गोळ्या मात्र होतच राहिल्या. पीळ वाढवून बघितला, तर सैल सोडलं की सूत स्वतःभोवतीच वेढे घ्यायला लागलं.

वाट सापडली ती गंगाखेडच्या बाजारात, घोंगडीवाल्या आजोबांकडे. त्यांना लोकरीचा ताणा कसा टिकतो ते विचारलं. लोकरीला तर कापसापेक्षा कितीतरी जास्त लव. ते म्हणाले, "मैदा कशाला लावती माय? चिंचोके उकड. लोकरीला धरतंय तर कापसाला न धराया काय झालं?"

घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात हे मी ऐकून होते, पण ते जाड लोकरीचं काम, 20 नंबरच्या सुताला ती झेपेल असं डोक्यातच आलं नव्हतं. चिंचोके भाजले, फोडून तांबडं टरफल काढलं, रात्रभर भिजवून मिक्सरला लावले. (मिक्सरच्या भांड्यावरून घरात झालेली चर्चा इथं देत नाही.) मग भरपूर पाण्यात, बोटांत तार धरेपर्यंत उकळून फडक्यानं गाळलं. घोंगडीला लावतात तशी दाट नको. ताकाइतकी पातळ पुरे. त्यात चमचाभर खोबरेल. आपल्याकडे करडई हाताशी असते म्हणून कुणी करडईचं किंवा जवसाचं तेल घालाल, तर नका घालू. ती तेलं हवेत वाळून चिकट होतात आणि कापडाला पिवळेपणा येतो.

लावायची पद्धतही त्यांचीच. ताणा ताणून धरायचा आणि कुंचा एकाच दिशेनं ओढायचा, उलटा कधीच नाही. लव सगळी एका अंगाला बसली पाहिजे. सुकेपर्यंत एकाआड एक धागा धरणाऱ्या काठ्या पुढंमागं सरकवत राहायचं, नाहीतर सगळा ताणा एकमेकांना चिकटून पट्टा होतो. सुकल्यावर धागा कडक न होता गुळगुळीत लागतो, वाकवला तरी पूड पडत नाही. पहिली पावडी दाबली आणि वरचे-खालचे धागे एका झटक्यात वेगळे झाले, मधली फट या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसली. मी तशीच चार-सहा वेळा नुसती पावडी दाबत बसले, धोटा न टाकता!

काठाचे धागे तरीही दुहेरी घेतले होते. कापड रुंदीत आखडतं तिथं फणी काठाला सगळ्यात जास्त घासते. खळ उकळत्या पाण्यात निघते, पण दोन-तीनदा धुवावं लागतं. पावसाळ्यात खळ दिलेला ताणा बीमवर पडून राहिला तर बुरशी धरणार, म्हणून जेवढं लगेच विणून होईल तेवढ्यालाच खळ द्या. मोरचूद घालायचा जुना उपाय अंग पुसायच्या कापडाला मला नको वाटतो.

सूत विकणाऱ्यांबद्दल एक. काठाला म्हणून '40 नंबर' सांगून मिळालेलं सूत तोललं. हजार मीटरची गुंडी 15 ग्रॅमच्या आत-बाहेर भरायला हवी, भरली 20. म्हणजे ते 30 नंबर झालं. दुकानदार म्हणतो, हवेतली ओल आहे. परभणीत, एप्रिलात! खिशात मावणारा वजनकाटा घ्या, चरख्याच्या तेलाइतकाच गरजेचा आहे.

पुढं आजोबांकडून लोकर आणून घोंगडीचा पट्टा करायचा, असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण कापूस आता ऐकायला लागलाय, तर मशरू का नको? हिमरू आणि मशरू ही दोन्ही रेशीम आणि सूत मिळून विणलेली कापडं. हिमरूत ताणा सुती आणि बाणा रेशमी, मशरूत उलटं, ताणा रेशमी आणि बाणा सुती. हिमरूची नक्षी माझ्या मागाच्या आवाक्यातली नाही, साधा पट्ट्यांचा मशरू असू शकतो. रेशमाचा तंतू कोशातून शेकडो मीटर सलग येतो, लव नाही, म्हणजे गोळ्यांचा प्रश्नच मिटला. कूलर मात्र बंद ठेवावा लागेल, कारण रेशीम ओलं झालं की कापसाच्या उलट कमजोर होतं. बाण्याला हेच देशी सूत.

अडचण वह्यांची. माझ्या मागाला चार आहेत आणि मशरूचं नियमित साटीन (गुळगुळीत अंगाची वीण) पाच वह्यांच्या खाली बसत नाही. सुताराला पाचव्या वहीची चौकट विचारली तर तो म्हणाला, आधी लग्नसराईतले पलंग होऊ देत. तोवर घोंगडी करते. संभाजीनगरकडे कुणाकडे जुन्या हिमरू मागाच्या वह्या पडून असतील, एक जरी असली तरी कळवा, येऊन घेऊन जाते.