वर्डप्रेस सुरू करताना: थीम नंतर, पत्ते आधी

ठाण्याच्या तलावांविषयी आमच्या नौपाड्यातील शेजाऱ्यांच्या गटाकडे बरेच साहित्य साठले होते. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर अशा तलावांची छायाचित्रे, काठावरच्या झाडांच्या याद्या, ज्येष्ठांनी सांगितलेल्या आठवणी आणि पाण्याची पातळी कधी कशी होती याच्या टिपा. हे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर होते, म्हणजे एखादी गोष्ट हवी त्या वेळी ती कधीच सापडत नसे. स्वतःचे संकेतस्थळ असावे यावर लवकर एकमत झाले. ते कशावर उभारावे आणि सुरुवात नेमकी कोठून करावी, यावर मात्र बरीच चर्चा झाली. त्या चर्चेतून जे हाती लागले ते मराठीतून असे काम सुरू करणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे येथे लिहीत आहे.

संकेतस्थळ उभारण्याच्या मुक्तस्रोत प्रणालींमध्ये तीन नावे प्रामुख्याने समोर येतात. ड्रुपल २००१ पासून आहे, जूमला २००५ मध्ये मॅम्बो या प्रणालीतून फुटून निघाली, आणि वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ या त्याआधीच्या प्रणालीचा पाया घेऊन प्रसिद्ध केली. तिन्ही पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत, मजकूर डेटाबेसमध्ये ठेवतात आणि जीपीएल परवान्याखाली मिळतात. म्हणजे त्या वापरण्यास, बदलण्यास आणि दुसऱ्याला देण्यास कोणाची परवानगी लागत नाही. केवळ रचनेचा विचार केला तर आमच्यासारख्या कामाला ड्रुपल अधिक शोभली असती, कारण माहितीचे वेगवेगळे प्रकार आणि त्यांचे रकाने आखण्याची सोय २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून तिच्या गाभ्यातच आहे. तरीही आम्ही वर्डप्रेस निवडली, आणि ती गुणांच्या तक्त्यावरून नव्हे. आमच्यापैकी कोणी घर बदलून गेले किंवा कंटाळले, तर पुढे हे काम सांभाळू शकेल असा माणूस ठाण्यात कोणत्याही इमारतीत विचारले तरी सापडतो. ड्रुपल जाणणाऱ्याला शोधत फिरावे लागते. स्वयंसेवी कामासाठी मला हा निकष सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रत्यक्ष बसवण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वर्डप्रेसच्या नावाची दोन संकेतस्थळे आहेत एवढे आधी लक्षात घ्यावे. डॉट कॉम ही एका कंपनीची तयार सेवा आहे, तर डॉट ऑर्गवरून प्रणाली उतरवून घेऊन ती आपण भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेवर, स्वतः चालवायची असते. आम्ही दुसरा मार्ग घेतला. बहुतेक होस्टिंगवाल्यांच्या पॅनेलमध्ये ती एका कळीसरशी बसते. पैसे भरण्यापूर्वी नुसती चाचपणी करायची असेल, तर वर्डप्रेस प्लेग्राउंड थेट ब्राउझरमध्ये चालते. तेथे हवी तेवढी मोडतोड करावी आणि खिडकी बंद करावी. एकच पथ्य पाळावे: प्रशासकाच्या खात्याला ‘अ‍ॅडमिन’ हे नाव देऊ नये, कारण पासवर्डचा अंदाज बांधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम सर्वप्रथम त्याच नावाने दार ठोठावतात.

यानंतर जवळजवळ प्रत्येक जण थीमच्या दालनात शिरतो आणि तेथेच रमतो. मला हा वेळेचा अपव्यय वाटतो. थीम हा दिसण्याचा भाग आहे आणि तो पुढे कधीही बदलता येतो. बदलायला कठीण जाते ती मजकुराची मांडणी, आणि त्याहून कठीण जातात ते प्रत्येक पानाचे पत्ते, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत दिसणारे दुवे. म्हणून आम्ही थीमचे पान उघडण्याआधी साध्या कागदावर एक प्रश्न लिहिला: या संकेतस्थळावर एक तलाव म्हणजे काय?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. वर्डप्रेसमध्ये मजकुराचे मूळ प्रकार दोन. पोस्ट तारखेला बांधलेली असते. नवी आली की जुनी खाली सरकते. पान तारखेपासून मोकळे असते आणि एका पानाच्या पोटात दुसरे ठेवता येते. रविवारच्या फेरीचा वृत्तान्त उघडच पोस्ट आहे आणि ‘आमच्याविषयी’ हे पान आहे. पण तलाव? तो पोस्ट केला तर मासुंदा तलाव जणू एखाद्या मंगळवारी प्रसिद्ध झालेली बातमी ठरतो आणि पुढच्या महिन्यात तिसऱ्या पानावर ढकलला जातो. तो पान केला तर जागेवर राहतो, परंतु ‘वागळे इस्टेट परिसरातील सर्व तलाव दाखवा’ असे म्हणता येत नाही, कारण पानांना मुळात वर्ग (ठरावीक विभाग) आणि टॅग (मोकळ्या खुणा) नसतात. यावरचा उपाय म्हणजे मजकुराचा तिसरा, स्वतंत्र प्रकार तयार करणे. ही सोय २०१० च्या ३.० आवृत्तीपासून खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली, आणि माझ्या मते वर्डप्रेस केवळ ब्लॉगपुरती राहिली नाही ती येथूनच.

आम्ही ‘तलाव’ असा प्रकार केला आणि त्याला रकाने ठरवले: परिसर, जाण्याचा रस्ता, काठावरची देवळे, फिरण्याच्या वाटेची स्थिती, गणपतीच्या दिवसांत जवळ विसर्जनासाठी कृत्रिम तलाव असतो किंवा कसे, आणि माहिती शेवटची कधी तपासली. हा शेवटचा रकाना एका काकूंनी आग्रहाने घालायला लावला, आणि आज वाचक सर्वांत आधी तोच पाहतात असे दिसते. असा प्रकार प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, मदतीने कोड न लिहिताही करता येतो. मात्र तो थीमच्या फायलींमध्ये लिहू नये. थीम बदलली की तो प्रकारच डॅशबोर्डमधून, म्हणजे मजकूर सांभाळण्याच्या आतल्या पडद्यावरून, नाहीसा होतो. मजकूर डेटाबेसमध्ये सुखरूप असतो, पण दिसत नाही, आणि नवख्या माणसाचा तेथे धीर सुटतो. नवा प्रकार जोडल्यावर त्याची पाने ‘सापडले नाही’ असे म्हणू लागली, तर सेटिंग्जमध्ये परमालिंकच्या (पानांच्या कायमच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता नुसते सेव्ह करावे. पत्त्यांचे नियम नव्याने तयार होतात आणि पाने उघडतात.

वर्ग आणि टॅग यांविषयी आमचा नियम साधा आहे. वर्ग आधी ठरवायचे, थोडेच ठेवायचे आणि नवीन वर्ग सर्वांना विचारल्याशिवाय करायचा नाही; टॅगच्या बाबतीत लेखकाला मोकळीक.

आता पत्ते, ज्यांच्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला. मराठी शीर्षक दिले की वर्डप्रेस त्यावरून देवनागरीतच पत्त्याचा शेवटचा भाग तयार करते, आणि ब्राउझरच्या पट्टीत तो सुरेखही दिसतो. अडचण आत आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केवारीचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा तीन जागा घेतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हेच आहेत. डेटाबेसमध्ये या भागासाठी जागा २००. हिशेब केला तर जास्तीत जास्त २२ चिन्हे मावतात. ‘मासुंदा तलावाच्या काठावरील वृक्ष’ असे शीर्षक द्या, पत्ता ‘मासुंदा-तलावाच्या-काठावर’ येथे संपतो. वृक्षांपर्यंत पोचतच नाही. शिवाय हा पत्ता ब्राउझरमधून उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बहुधा टक्केचिन्हांची लांबलचक माळ उमटते आणि ती पाहून वयस्कर सभासद दुव्यावर बोट ठेवायला घाबरतात. त्यांचे चुकते असेही म्हणता येत नाही, कारण अनोळखी, विचित्र दिसणारे दुवे उघडू नका असे आपणच त्यांना बजावलेले असते.

मराठी संकेतस्थळाचे पत्ते मराठीत असावेत असे मानणारे माझे काही मित्र आहेत आणि त्यांच्या भूमिकेबद्दल मला आदर आहे. आम्ही मात्र शीर्षक पूर्ण मराठीत ठेवून पत्ता रोमन अक्षरांत, एक-दोन शब्दांचा, हाताने लिहायचे ठरवले. काहीही ठरवा, पण पहिली पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी ठरवा. पोस्टचा पत्ता नंतर बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे वळवते. पानांच्या बाबतीत ती तशी नोंद ठेवत नाही. संपूर्ण संकेतस्थळाच्या परमालिंकची रचनाही पहिल्याच दिवशी निवडावी. आम्ही तारीख नसलेली, फक्त नावाची रचना घेतली, कारण तलावाच्या माहितीला साल चिकटवण्यात अर्थ नाही.

भाषेच्या बाजूने वर्डप्रेस बरीच उदार आहे. संपूर्ण संकेतस्थळाची भाषा मराठी ठेवता येते आणि डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक सभासदाला डॅशबोर्डची भाषा स्वतंत्रपणे निवडता येते. आमच्या संपादक काकू मराठी डॅशबोर्ड वापरतात, तर नोकरीत दिवसभर इंग्रजी पडदा पाहणारा त्यांचा पुतण्या इंग्रजी; दोघे एकाच मजकुरावर काम करतात. संकेतस्थळाची भाषा मराठी निवडण्याचा आणखी एक लाभ असा की प्रत्येक पानाच्या मुळाशी भाषेची खूण मराठी अशी लागते, आणि ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने उमटतात. थीम अखेर निवडाल तेव्हा तिच्या नमुन्यातील सुंदर इंग्रजी मथळ्यांवर जाऊ नये. आपला मराठी परिच्छेद त्यात टाकून पाहावा. अक्षरांमधील अंतर वाढवणारी थीम शिरोरेषेचे तुकडे करते, आणि ओळींमधील अंतर कमी असलेली थीम वरच्या ओळीचे उकार व खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकवते. दोन्ही दोष सेटिंग्जमधून बहुधा दुरुस्त करता येतात, पण आधी ते दिसले पाहिजेत.

शोधाच्या बाबतीत मात्र ही उदारता संपते. वर्डप्रेसचा मूळ शोध वाचकाने दिलेली अक्षरे मजकुरात जशीच्या तशी आहेत का एवढेच पाहतो. ‘खाडी’ शोधल्यास ‘खाडीत’ आणि ‘खाडीवर’ सापडते, कारण ती अक्षरे त्यात आहेतच. ‘ठाणे’ शोधल्यास ‘ठाण्यात’ आणि ‘ठाण्याच्या’ असलेला लेख हाती लागत नाही. मराठीत नामाचे सामान्यरूप होते हे या यंत्रणेला ठाऊक नाही. यासाठी आम्ही प्रत्येक लेखाच्या सारांशात मूळ रूपातील दोन-तीन नावे येतील अशी वाक्ये लिहितो. सारांशाचा मजकूरही शोधात धरला जातो, त्यामुळे हा उपाय थोडा ओबडधोबड असला तरी चालतो.

छायाचित्रांविषयी एक सूचना. मोबाइलवरचे मोठे छायाचित्र चढवले की वर्डप्रेस मूळ फाइल ठेवून शिवाय २५६० पिक्सेलची आणि त्याहून लहान आकारांची प्रत तयार करते. एका छायाचित्राच्या सात-आठ फायली सहज होतात आणि स्वस्त होस्टिंगवरची जागा पाहता पाहता भरते. चढवण्याआधी आकार कमी करावा आणि वर्णनाचा पर्यायी मजकूर लिहावा.

प्लगिन कमी ठेवावेत, यात नवीन काही नाही. प्रत्येक प्लगिन म्हणजे आपल्या घराची किल्ली आणखी एका अनोळखी व्यक्तीला देणे होय, म्हणून शेवटची सुधारणा कधी झाली आहे हे पाहूनच तो घ्यावा. वर्डप्रेसच्या किरकोळ सुधारणा २०१३ पासून आपोआप बसतात. प्लगिनसाठी तशी परवानगी आपण द्यावी लागते आणि आमच्यासारख्या छोट्या गटाने ती द्यावी असे माझे मत आहे.

बॅकअप म्हणजे दोन गोष्टी एकत्र: डेटाबेस, ज्यात मजकूर आणि सेटिंग्ज असतात, आणि डब्ल्यूपी-कंटेंट हे फोल्डर, ज्यात छायाचित्रे, थीम आणि प्लगिन असतात. साधनांच्या यादीतील ‘निर्यात’ यावर विसंबून राहू नये, कारण त्या फाइलमध्ये छायाचित्रे नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. डोमेन आणि होस्टिंगची नोंदणीही कोणा एकाच्या खासगी ईमेलवर न करता गटासाठी उघडलेल्या ईमेलवर करावी. आमच्याकडे बॅकअपचे काम एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी घेतले आहे. ते दर तिमाहीला ताजा बॅकअप आपल्या लॅपटॉपवर उतरवून तेथे संपूर्ण संकेतस्थळ उभे करतात, कोणत्या तरी एका तलावाचे पान छायाचित्रांसह उघडते आहे याची खात्री करतात, आणि मगच नोंदवहीत तारीख घालून सही करतात.