संदर्भचित्रांची आगाऊ निवड

चित्र काढायला कागदासमोर बसल्यावर विषय शोधू लागले, की सरावाचा वेळ शोधाशोधीतच जातो. म्हणून मी रविवारीच आठवड्याचे विषय ठरवून प्रत्येकासाठी संदर्भचित्रे, म्हणजे समोर ठेवून पाहायची छायाचित्रे, निवडून ठेवते, आणि एकाच वस्तूची निरनिराळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रे जमवते, कारण कॅमेरा अनेकदा सावल्यांमधले रंग गिळून टाकतो आणि खालून टिपलेल्या इमारतीच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकवतो.

संदर्भ घेणे म्हणजे नक्कल, हे मला मुळीच मान्य नाही; संदर्भामुळे नजरेची चूकही सुधारते. धावत्या घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले असतात, असे चित्रकार दीर्घकाळ रंगवत आले. १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांच्या छायाचित्रांनी दाखवले, की चारही पाय अधांतरी असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

जलरंगात उजळ भागांसाठी पांढरा कागद कोरा राखावा लागतो, त्यामुळे उजेडाच्या जागा मी छोट्या कच्च्या आराखड्यातच ठरवते.