म्युनिकमध्ये नसलेला वेटर

काल रात्री परत म्युनिक बघितला, स्पीलबर्गचा, 2005 चा. झोपायला दोन वाजले आणि आज ऑफिसात नुसत्या जांभया.

त्यात पॅरिसचा तो फोनवाला सीन आहे ना, बदला घ्यायला निघालेल्या इस्रायली टोळीनं एका पॅलेस्टिनी माणसाच्या फोनमध्ये बॉम्ब बसवलाय, तो एकटा घरी आहे असं समजून हे लोक नंबर फिरवतात आणि फोन उचलते त्याची छोटी मुलगी. तिसऱ्यांदा बघतोय, ती वाचते हे माहितीये, तरी मी उशी आवळून बसलेलो. मग पळापळ करून थांबवतात आणि आपल्याला हायसं वाटतं. ती निघून गेल्यावर बापाला उडवतात तेव्हा मात्र काहीच वाटत नाही, म्हणजे मला तरी नाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि लिलेहॅमरचं प्रकरण पिक्चरमध्ये नाहीच! 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांच्या हल्ल्यात 11 इस्रायली खेळाडू आणि कोच मारले गेले, त्यानंतर मोसादनं, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेनं, जी माणसं टिपली त्यात 21 जुलै 1973 ला नॉर्वेतल्या या छोट्या गावात अहमद बुशिकी नावाचा मोरोक्कन वेटर मारला, का तर तो त्यांना अली हसन सलामे वाटला, म्हणजे म्युनिकच्या हल्ल्यामागे ज्याचा हात आहे असं ते मानत तो. बायकोबरोबर सिनेमा बघून बसनं घरी येत होता बिचारा, बायको पोटुशी. सहा एजंट सापडले, पाच जणांना शिक्षा झाली, इस्रायलनं भरपाई दिली थेट 1996 ला, तीही जबाबदारी न घेता. (त्याचा भाऊ चिको म्हणजे जिप्सी किंग्ज हा बँड सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या बांबोलेओ गाण्यावर आम्ही गॅदरिंगला नाचलोय.)

पिक्चरमधला हिरो झोप उडून स्वतःचीच गादी फाडतो, बॉम्ब शोधतो, आणि आपण म्हणतो वा, काय ग्रे शेड दाखवलीय. पण मुलगी वाचवून ठेवलीय म्हणून तर त्याची कीव करणं जमतं, वेटर दाखवला असता तर मला नसतं जमलं.

मी तरी कुठला साळसूद म्हणा. 26/11 ला आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, रात्रभर. आत कोण आहेत, किती आहेत हे धड कळलंही नव्हतं तेव्हा घरातलं कोणीतरी ओरडलं होतं, एकालाही सोडू नका. बहुतेक मीच.