वेबच्या कच्च्या फायलींपासून चित्रापर्यंत : माझा अनुभव

जेम्स वेब दुर्बिणीची चित्रं आपण सगळेच पाहतो. ती ज्या आकड्यांतून तयार होतात ते आकडेही सर्वांसाठी खुले आहेत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या 'मास्ट' या संग्रहातून कुणीही ते उतरवून घेऊ शकतं. तिथे प्रत्येक निरीक्षणाच्या फायली निरनिराळ्या टप्प्यांवरच्या मिळतात. अगदी कच्च्या असतात, तशाच जवळजवळ चित्र तयार झालेल्याही असतात. बहुतेक मार्गदर्शनात तयार फाइल घ्या आणि रंग भरा, असा सल्ला असतो. मी कच्च्या फायलींपासून सुरुवात केली आणि आज कुणी विचारलं तर तेच करायला सांगेन. दुर्बीण नेमकं काय मोजते, हे तयार फायलीत दिसतच नाही.

लक्ष्य म्हणून मी एनजीसी ३३२४ निवडलं. १२ जुलै २०२२ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या चित्रांमधला कॅरिना तेजोमेघाच्या कडेचा तो 'कड्यां'चा भाग, अंतर सुमारे ७,६०० प्रकाशवर्षं. एरवी निरीक्षणं बहुधा वर्षभर ती मागणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी राखीव असतात. ही पहिल्यापासून खुली होती. कार्यक्रम क्रमांक २७३१ टाकला की यादी समोर येते. यादी लांबलचक असते, कारण वेबच्या निअरकॅम या अवरक्त कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या एकूण दहा चकत्या म्हणजे डिटेक्टर आहेत आणि प्रत्येक डिटेक्टरची, प्रत्येक फिल्टरची, दुर्बीण किंचित सरकवून घेतलेल्या प्रत्येक एक्स्पोजरची फाइल वेगळी. डिस्कवर भरपूर जागा ठेवा, एवढंच सांगतो.

कच्ची फाइल उघडली की चित्र दिसेल ही अपेक्षा सोडावी लागते. ती चार मितींची असते. डिटेक्टरची रुंदी-उंची (२०४८ गुणिले २०४८ पिक्सेल), तिसरी मिती वेळेची, चौथी किती वेळा नव्याने सुरुवात केली त्याची. पागोळीखाली हंडा ठेवावा आणि तो न रिकामा करता ठरावीक वेळाने पाण्याची पातळी मोजत जावी, तसं प्रत्येक पिक्सेलचं असतं. साठत जाणारा विद्युतभार न पुसता पुन्हा पुन्हा वाचला जातो. हवी असते ती पातळी वाढण्याची गती, म्हणजे त्या चढत्या रेषेचा उतार. तोच प्रकाश.

मी एक पिक्सेल निवडून त्याची रेषा कागदावर काढली. सरळ चढत होती आणि मध्येच एका वाचनात एकदम उडी. त्यानंतर पुन्हा आधीच्याच उताराने चढण. ती उडी म्हणजे एका वैश्विक किरणाचा आघात. कच्च्या आकड्यांवर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करणाऱ्या संगणकप्रणालीचा, म्हणजे पाइपलाइनचा, पहिला टप्पा हेच करतो : उडी ओळखतो, तिथे खूण करतो आणि उडीच्या आधीच्या व नंतरच्या तुकड्यांवरून उतार काढतो. आघात होऊनही तो पिक्सेल वाया जात नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वाचन इतक्या वेळा का करतात ते वेगळं सांगावं लागत नाही. काही आघात मोठे असतात, गोल डाग आणि भोवती फिकट वलय. त्यांना 'स्नोबॉल' म्हणतात. त्यांच्यासाठी वेगळा पर्याय आहे, तो चालू आहे ना हे पाहून घ्या.

तेजस्वी ताऱ्यांच्या मधोमध काळी भोकं दिसली तर घाबरू नका. तिथे पिक्सेल पहिल्याच वाचनात काठोकाठ भरलेला असतो, मग उतार काढायचा कशावरून? शोभेच्या चित्रात मी ती भोकं भरली. मोजमापाच्या फायलीला हात लावला नाही, आणि लावूही नये.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो आडव्या पट्ट्यांनी. डिटेक्टर ओळीओळीने वाचला जातो आणि वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सची शून्य पातळी सतत थोडी हलत असते. त्यामुळे प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीपेक्षा किंचित उजळ किंवा मंद येते. कडेला चार-चार पिक्सेलची चौकट प्रकाशाला प्रतिसाद न देणारी ठेवलेली असते, तिच्यावरून बरीचशी दुरुस्ती होते, पण सगळी नाही. उरलेल्यासाठी नेहमीचा उपाय म्हणजे तारे झाकायचे, ओळीतल्या रिकाम्या आकाशाचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढायचा आणि तो वजा करायचा. दीर्घिकांच्या फोटोत हे छान चालतं. इथे रिकामं आकाश आहेच कुठे? सगळी चौकट तेजोमेघाने भरलेली. मध्यक वजा केला तर पट्ट्यांबरोबर तेजोमेघही जातो. शेवटी आधी मेघाची गुळगुळीत प्रत तयार करून ती बाजूला काढली, उरलेल्यातून पट्ट्या मोजल्या आणि मूळ फायलीतून फक्त तेवढ्याच वजा केल्या. पाइपलाइनच्या नव्या आवृत्त्यांत यासाठी पायरी आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. माझ्या मते ते योग्यच आहे. काय मेघ आणि काय यंत्र, हा निर्णय ज्याने चित्र पाहिलंय त्यानेच घ्यावा.

दुसरा टप्पा झरझर उरकतो. तिसऱ्यात सगळी एक्स्पोजर ताऱ्यांच्या स्थानांवरून एकमेकांवर बसवली जातात आणि एकच मोठी प्रतिमा हाती येते. ती आधी काळीकुट्ट दिसते, कारण मंद मेघ आणि तारे यांच्या तेजात प्रचंड तफावत असते. लॉगरिदमी ताण दिला, म्हणजे मंद भाग जास्त उजळवले, की कडे उगवतात. रंगांचा नियम साधा : सर्वांत लांब तरंगलांबी लाल, सर्वांत आखूड निळी.

त्याच भागाची मिरी या आणखी लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाची फाइलही पाहिली आणि दुर्बीण इतकी थंड का ठेवावी लागते ते कळलं. मिरीचे डिटेक्टर ७ केल्विनच्या (सुमारे उणे २६६ अंश सेल्सिअसच्या) खाली ठेवलेले असतात, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर पाच थरांचं छत्र उन्हाला अडवून धरतं. तरी साधारण १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या पुढे पार्श्वभूमीत दुर्बिणीची स्वतःची ऊबच वरचढ ठरते.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. ४.७ मायक्रॉनजवळचा एफ४७०एन हा अरुंद फिल्टर हायड्रोजनच्या रेणूंचा प्रकाश टिपतो. यादीत तो शोधताना 'फिल्टर' या रकान्यात एफ४४४डब्ल्यू हा रुंद फिल्टर दिसेल, कारण अरुंद फिल्टर दुसऱ्या चाकावर आहे आणि दोन्ही एकापुढे एक ठेवूनच वापरतात. खरं नाव 'प्युपिल'च्या रकान्यात असतं. दोन्ही प्रतिमा एकाच लांब-तरंगलांबीच्या डिटेक्टरवरच्या असल्याने पिक्सेल जुळवायला फार खटपट पडत नाही. ताऱ्यांचा प्रकाश काढून फक्त हायड्रोजनचा उरावा म्हणून एफ४४४डब्ल्यूच्या प्रतिमेला योग्य गुणकाने गुणून ती एफ४७०एनच्या प्रतिमेतून वजा करायची. तारे नाहीसे होईपर्यंत गुणक बदलत राहायचा. २०२२ मध्येच शास्त्रज्ञांनी या फिल्टरच्या आधारे इथे नवजात ताऱ्यांतून उसळणारे दोन डझन प्रवाह शोधून काढले होते. माझ्या पडद्यावर ताऱ्यांच्या जागी फिकट कडी उरली आणि धुळीच्या भिंतीलगत, आधी काहीच नव्हतं तिथे, धनुष्याकृती रेघा एकामागे एक दिसू लागल्या. त्यांच्या मागे मागे जात कुठल्या ताऱ्यापाशी पोहोचता येतं, ते मी आता एकेका प्रवाहासाठी तपासतो आहे.